तेजाबात विरघळणारी वाळू

लालासाहेबांना घरात ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती. उभी हयात त्यांनी कोचीत गलाईचं दुकान चालवलं, तेजाबात सोनं शुद्ध केलं. पुढं त्यांच्या मुलानं, यशराजनं, ते दुकान विकून बिऱ्हाड विट्याला आणलं, तेव्हा सुनेनं, क्रांतीनं, तिथून एकच हट्ट बरोबर आणला : खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि त्यात वाढवलेले प्रवाळ. ते बिचारे सध्या मोरीतल्या बादलीत, पंपाच्या जिवावर होते. टाकीच्या तळाशी वाळू पडेपर्यंत त्यांना घर नव्हतं.

वाळू लालासाहेबांनी आणवली होती. कृष्णेची. स्वतः चाळून, धुऊन, गच्चीवर वाळवलेली.

“आबा, ही न्हाई चालायची. मी प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी मागवलीय, ती बघा पिशवीत,” क्रांती म्हणाली.

“काय खोट हाय हिच्यात?”

तिनं फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढून वाळूत फिरवलं. काळ्या कणांची दाढीच लोंबायला लागली. “हे लोखंड. खाऱ्या पाण्यात नको मला.”

“ते ऱ्हाऊ दे. तेजाबाला इचारू.”

कपाटातून जुनी बाटली निघाली. दोन बशा, दोन चिमटी वाळू. कृष्णेच्या वाळूवर थेंब नुसता बसून राहिला. पांढरी मात्र फसफसून उठली.

“बघ!” म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. “माझी जशीच्या तशी! जन्मभर हेच केलं गं मी. टिकतं ते खरं. दुकानदारानं गंडवलं तुला!”

यशराजनं मोबाइलमध्ये डोकं घातलं. दारातून सासूबाई, बनुबाई, ‘हो म्हण’ अशा खुणा करत होत्या.

क्रांती हो म्हणाली नाही. “तेजाबानं सोनं पारखा, आबा. मला विरघळणारीच पायजे. पाणी आंबायला लागलं की ही थोडी थोडी झिजती आन् त्याला सावरती. प्रवाळाची हाडंबी ह्याचीच असत्यात.”

“मग माझी मेहनत मातीत?”

“तुळशीत घाला. टाकी माझी हाय.”

एवढं बोलून तिनं पिशवी उचलली आणि पांढरी वाळू पाणी भरलेल्या टाकीत ओतली. बघता बघता सगळं पाणी दुधासारखं झालं. पलीकडची भिंतसुद्धा दिसेना.

“झालं दूध!” लालासाहेब म्हणाले. “आता इरजण लाव.”

यावर बनुबाईंनाही हसू आवरलं नाही. क्रांतीनं ओढणीला हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्या पांढऱ्याफटक काचेसमोर बसली.

“बसंल खाली,” ती म्हणाली. “मी हाय हितंच.”