एकच ऑपरेशन

“ही गाडी गावात येणार न्हाई!”

वेशीवर पोरांचा घोळका, सगळे गुलालात. हलगी थांबवून त्यांनी आमच्या आरोग्य केंद्राची जीप अडवली. साल सत्त्याहत्तर. दिल्लीतलं सरकार हरल्याची बातमी रेडिओवर आली होती आणि शिरोळकडच्या त्या गावात निम्मे लोक नाचत होते, निम्मे घरात बसून होते. आणीबाणीत याच जीपमधून माणसं नसबंदीच्या कॅम्पला नेली होती. आम्हाला टार्गेट असायचं. म्हणजे ठरलेल्या केसेस आणायच्याच, कशाही करून.

“सिस्टर, आज फील्डवर नको,” असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. पण गावातला आण्णाप्पा सायकल मारत आला. त्याच्या बायकोच्या पोटात मूल आडवं होतं. असं मूल आपोआप होत नाही. सिझेरियन केलं नाही तर दोघंही जातात.

अडचण अशी, की कॅम्पला माणसं गोळा करून देणारा हाच आण्णाप्पा.

“माझ्या चुलत्याला ह्यानंच गाडीत घातला,” पुढचा पोरगा म्हणाला. त्याचं नाव तानाजी. “आता लाव म्हणावं गुलाल. म्हण, आमच्या पार्टीचा विजय असो!”

“न्हाई म्हणत जा!” बायको तिकडे तळमळत असताना जीपमध्ये बसलेला आण्णाप्पाही अडून बसला.

मी खाली उतरले. “गुलालाचं नंतर बघा. गाडी आत नको ना? नको. मग बाईला बाजेवर घालून इथं आणा. हा एकटा किती उचलणार?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

“चला की रं,” तानाजी म्हणाला.

बाज आली. बाईला जीपमध्ये निजवलं. तिच्यामागोमाग आण्णाप्पा चढला, आणि तानाजीही.

“तू कुठं?”

“तुमचा भरवसा न्हाई, बाई. एकाच्या जागी दोन ऑपरेशनं करशीला.”

“बस.”

कोल्हापूरच्या हॉस्पिटलात तो थिएटरच्या दारालाच बसला.

“हा पेशंटचा कोण?” सर्जननी विचारलं.

“विरोधी पक्ष, सर.”

मी सोबत आत गेले. मुलगी झाली, जिवंत. टाके घालण्याआधी सर्जन म्हणाले, “तिसरं ना? पोट उघडलंच आहे, नळ्याही बांधून टाकू.” म्हणजे पुढे मूल होणार नाही. तेव्हा हे सर्रास चालायचं.

“तिला विचारलेलं नाही, सर.”

“मग नवऱ्याला विचारा.”

“तो हो म्हणेल. म्हणूनच विचारत नाही.”

ते चिडले, पण नुसतेच टाके घातले.

बाहेर येऊन तानाजीला सांगितलं, “एकच झालं.”

“कशावरनं?”

त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

पुढे दोनेक वर्षं त्या गावात आमच्याकडून कुणी लसही टोचून घेईना. जीप दिसली की आया पोरांना घेऊन उसात शिरायच्या. आम्ही समजावलं, सरपंचांनी समजावलं. उपयोग शून्य.

मग आण्णाप्पाच्या बायकोला चौथं मूल झालं. आमच्या टार्गेटच्या हिशेबात ती हुकलेली केस. पण लसीकरणाला पोरं आली ती त्यानंतरच.