पेठच्या वाटेवरचा वड

नाशिकहून पेठची सकाळची एसटी सुटली तेव्हा पिशवीत पातेलं, चहा-साखरेच्या पुड्या आणि काडेपेटी होती. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. आमच्या शिपायाने त्याच्या गावाजवळच्या वडाचं एवढं वर्णन केलं होतं की मे महिन्याच्या सुट्टीत मी सुधाला, माझ्या बायकोला, घेऊन तो पाहायलाच निघालो.

घाट चढलो तसे करपलेले डोंगर दिसू लागले. सागाला पान नव्हतं. फाट्यावर उतरून मैलभर चाललो आणि ओढ्याकाठी एकदम हिरवा काळोख समोर आला. तोच वड. आत शिरलो तर भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटलं. पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं झाली होती. मूळचा बुंधा कुठला, ते कळेना. लाल फळं टपटप पडत होती. वरून सारखी घुमघुम ऐकू येत होती.

"अहो, हा आवाज कसला?"

"पाखरांचा," मी मास्तराच्या खात्रीने म्हणालो.

एक म्हातारी घोंगडी पसरून तिच्यावर पानं जमवत होती. नाव येसाबाई. "उद्या लगीन हाय, पत्रावळी लावायच्या," ती म्हणाली. पान खुडलं तिथून पांढरा चीक ठिबकला, तो तिने टाचेच्या भेगांत भरला. "पारंबीनं दात घासावं, तिच्या सालीचा दोर वळावा. उन्हाळ्यात शेरडांना ह्योच पाला. ह्यो कधी उघडा पडत नाय." मी ते वहीत उतरवून घेतलं. ती पानं नि घोंगडी उचलून झाडाच्या पलीकडे गेली.

मग मी तीन दगड मांडून चहा ठेवला. पाला ओलसर होता. धूर दाटून सरळ वर गेला.

वरच्या आवाजाची जातच बदलली. मान वर केली तर फांदीची काळी साल हलत होती. ती साल नव्हतीच. ते मोठ्या रानमाश्यांचं आग्या मोहोळ होतं आणि ते सुटत होतं.

"धूर कुनी केला? हालू नको, बाई!" येसाबाई पलीकडून धावत येताना ओरडली.

मी हललो. हललो कसला, पळालो. पहिली नांगी कानामागे बसली आणि मला सुधा आठवलीच नाही. ओढ्याच्या डोहात नाकापर्यंत बुडून बसलो. डोक्यावर माश्या घिरट्या घालत होत्या. सुधाची एक किंकाळी ऐकू आली, पुढे काहीच नाही. मला वर उठायचं होतं. उठलो नाही. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

माश्या पांगल्यावर वाकत वाकत परत गेलो. पारंब्यांच्या बेचक्यात घोंगडीचा एक काळा ढीग पडला होता. तो हलत नव्हता.

"सुधा!" मी ओरडलो.

ढिगातून येसाबाईचा आवाज आला, "वरडू नको. खाली बस."

बऱ्याच वेळाने घोंगडी दूर झाली. सुधाच्या मानेला दोन नांग्या होत्या. पण घोंगडीची कड बाहेरून धरून ठेवलेला येसाबाईचा हात कोपरापर्यंत सुजला होता. मी नखाने एकेक नांगी काढली, सुधाने म्हातारीच्या चंचीतला चुना लावला.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"ह्या झाडात माशीबी ऱ्हाती, मानूसबी. फकस्त इस्तव करू नये," ती म्हणाली. उरलेली पानं गोळा करायला आम्ही दोघं तिच्याबरोबर वाकलो, तेव्हा सुधा माझ्याकडे बघत नव्हती.

परतीची गाडी घाट उतरली. नाशिकचे दिवे दिसल्यावर सुधा म्हणाली, "तुम्ही पळालात ते बरंच झालं. त्या घोंगडीत तिघांना जागा नव्हती."

हे तिने माझी समजूत घालायला म्हटलं की टोचायला, ते मी आजवर विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.