दाराचा खटका

गेल्या जानेवारीत माझे वडील, अण्णा, लातूरहून आमच्याकडे पुण्याजवळ मारुंजीला राहायला आले होते. त्यांची सगळी नोकरी बसडेपोत मेकॅनिक म्हणून गेली. छातीही तिथल्या धुरातच गेली. दमा जुनाच, पण त्या आठवड्यात थंडी कडक पडली होती. सकाळी गाडीच्या काचा दवानं पार पांढऱ्या व्हायच्या.

सहाच्या सुमारास बायकोनं मला हलवून उठवलं. अण्णा पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. पंप मारूनही श्वास मोकळा होत नव्हता. ओठ काळसर पडले होते. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, पाऊण तास लागेल. आमच्या गाडीनं दवाखाना पंधरा मिनिटांवर होता.

लिफ्टपासून गाडीपर्यंत जाताना ते तीनदा थांबले. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि दार ढकललं. ते आपटून परत उघडलं.

जोरात आपटलं. परत उघडलं.

"अहो, मागं बसवूया का?" बायको म्हणाली. पण त्यांना पुन्हा उठवायची माझी हिंमत होईना. दार बांधून टाकावं म्हणून डिकीत दोरी शोधली, मिळाली नाही. मी परत येऊन दार आपटायला लागलो. प्रत्येक दणक्याला अण्णांची मान हलत होती.

त्यांनी हात वर केला. थांब. बोलता येत नव्हतं. बोटानं दाराची कड दाखवली, मग बायकोनं बरोबर घेतलेल्या गरम पाण्याच्या थर्मासवर टकटक केलं. तिला वाटलं, पाणी हवंय. तिनं झाकण उघडून पुढं केलं, तर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दाराकडे बोट केलं.

"ग्रीस," एवढंच कसंबसं बाहेर आलं.

मी वाकून पाहिलं. दिवाळीत हे दार करकरायचं म्हणून मीच त्यात बोटानं घट्ट ग्रीस भरलं होतं. महाळुंग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेला माणूस मी! थंडीनं ते ग्रीस धुळीसकट आळलं होतं आणि दार धरून ठेवणारा लोखंडी दात त्यात रुतला होता. दार ढकललं की तो पकडायचाच नाही.

थर्मासमधलं पाणी खटक्यावर ओतलं. वाफ आली, काळा ओघळ खाली आला. डिकीतल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दात हलवू लागलो. टोक सारखं निसटत होतं. अण्णा हातानं दाखवत होते : बाहेरची मूठ उचल, सोड. उचल, सोड. मध्येच त्यांचा हात खाली पडला आणि डोळे मिटले.

"अण्णा!" बायको ओरडली. त्यांनी डोळे उघडले.

तेवढ्यात दात सुटून मागं आला. मी दार अगदी हलक्या हातानं लावलं. ते लागलं.

वाटेत कंपन्यांच्या बसेसनी रस्ता अडवला होता. बायकोनं मागून हात घालून सगळा वेळ दाराची मूठ धरून ठेवली. माझे डोळे रस्त्यावर, कान त्यांच्या श्वासावर.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी ते नीट बोलायला लागले, तेव्हा पहिला प्रश्न आला, "कुणी थापलं होतं रे तेवढं ग्रीस?"

"मीच."

"तिथं पातळ तेल घालायचं असतंय." त्यांनी पाठीमागची उशी सरकवून घेतली. "आन् आपटत काय होतास? माणूस बसलंय की आत."

घाबरलो होतो, हे त्यांच्यापुढं म्हणायला जीभ रेटली नाही.

ते घरी आल्यावर रविवारी मी खटक्यातलं ग्रीस काढायला रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन पार्किंगमध्ये बसलो. मफलर गुंडाळून तेही खुर्ची टाकून बसले. दोनदा म्हणालो, झालं. दोन्ही वेळा त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अजून हाय."