पनामाच्या झाडाचं एकच फूल

मृणालताईने ते फूल जाळलं नव्हतं. मी जाळलं होतं.

चाळीस वर्षं मूग गिळून बसलो. आज लिहितोय, कारण आज सकाळी ती गेली.

हार्ट अटॅक. कालच तर फोनवर गुडघ्याच्या ऑपरेशनच्या नावाने बोटं मोडत होती. माझा अजून विश्वासच बसत नाहीये.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं मिशिगनमध्ये बॉटनीत पीएचडी करत होतो. ती नागपूरची, मला दोन वर्षं सीनियर. सगळा दिवस हर्बेरियममध्ये जायचा, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या कपाटांमध्ये.

माझं काम पनामाच्या वर्षावनातल्या एका दुर्मिळ झाडावर. आमच्याकडे त्याचे असे मोजके कागद, म्हणजे शीट्स, आणि त्यातल्या एकावरच फूल.

एकच फूल.

सुकलेलं फूल उघडून बघायचं तर आधी पाण्यात उकळून मऊ करावं लागतं. त्याला लेखी परवानगी लागते. मी घेतली नाही. कमिटीची मीटिंग तोंडावर आली होती, आणि मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

हॉट प्लेटवर छोटा बीकर ठेवला आणि कारवरचा बर्फ काढायला खाली गेलो. कुणीतरी भेटलं, गप्पा झाल्या.

परत आलो तर पाणी आटलेलं. तळाशी काळा डाग.

मृणालताई शेजारच्या टेबलावरून उठून आली. आधी बीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला आधीच एक वॉर्निंग आहे. असिस्टंटशिप जाईल, मग व्हिसा जाईल. मला फक्त ओरडा बसेल. तू चूप राहा."

तिने चिठ्ठी लिहून शीटवर चिकटवली. "फूल माझ्या हातून नष्ट झालं." खाली स्वतःचं नाव आणि तारीख.

नुसत्या ओरड्यावर भागलं नाही. तिची उन्हाळ्यातली पनामा ट्रिप कॅन्सल केली.

तिच्या जागी मला पाठवलं. आणि मी गेलो, यार. खरंच गेलो.

आल्यावर तिने मला खोदून खोदून विचारलं, तिथे वास कसा येतो, पायाखालची माती कशी लागते. एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

पुढे नोकरी, लग्न, मुलगी. तिचं जंगल बघायचं राहिलं ते राहिलंच.

आज फोनवर तिची मुलगी रिया रडत म्हणाली, "काका, आई नेव्हर सॉ अ रेनफॉरेस्ट. शी सेड इट वॉज हर ओन मिस्टेक."

पोटच्या पोरीलाही सांगितलं नाही?

मी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. रियाने फोन ठेवला.

दुपारी हर्बेरियमला सगळं खरं लिहून मेल केला. लगेच उत्तर आलं. माझी चिठ्ठी शीटवर लावतील, पण तिची काढणार नाहीत. शीटवर एकदा लागलेली चिठ्ठी चुकीची असली तरी कधीच काढत नाहीत.

हा नियम मला माहीत होता.

ती चिठ्ठी लिहिताना तिलाही माहीत होता.

मृणालताई, मला माफ कर. शेवटचा नमस्कार.