उतरलेला खांदा

शिंप्याच्या घरात मूल जन्मलं की नाव सुचायला वेळ लागतो, माप मात्र पहिल्याच दिवशी घेतलं जातं. टाचणीचं तसंच झालं. शाळेच्या दप्तरी तिचं चारचौघींसारखं बरं नाव होतं, पण ते वापरायची पाळी कुणावर फारशी आलीच नाही. अंगानं काडी आणि जिभेनं टोकदार, म्हणून बापानंच तिला टाचणी म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीनं ते उचललं. लहानपणी ती कापायच्या मोठ्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसायची आणि तिथून गिऱ्हाइकांना सल्ले द्यायची. "काका, पोट आत ओढून माप देऊ नका. जेवल्यावर बटण उडेल, मग आमच्या बाबांच्या नावानं ओरडाल." अख्खं दुकान हसायचं, आणि हसता हसता काकांचं पोट आपसूक जागेवर यायचं.

बाप म्हणजे मास्तर. शाळेचे नव्हेत, कात्रीचे. रस्त्याला तोंड करून दुकान, मागे दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दारात काज-बटण करत बसलेली टाचणीची आई. तिचा एक कान दुकानात, एक चुलीवर. मास्तरांचं नाव झालं होतं ते एका गोष्टीसाठी. देवानं घाईत शिवलेली माणसं आपल्याकडे दुरुस्तीला येतात, असं ते म्हणायचे. कोर्टातल्या एका कारकुनाला पाठीला चांगलाच बाक होता. त्याला मास्तरांनी असा कोट शिवून दिला, इथे कापूस, तिथे दुहेरी अस्तर, की तो घालून कारकून घरी गेला आणि त्याचा स्वतःचा कुत्रा त्याच्यावर भुंकला. मास्तर ही गोष्ट सांगायला लागले की कुत्र्याचा आवाजही काढायचे. दर वेळी कुत्रा थोडा मोठा व्हायचा.

तर अशा घरात, सोळाव्या वर्षी, टाचणी बोथट झाली.

काही घडलं असतं तर सोपं होतं. कुणी गेलं नव्हतं, ती नापास झाली नव्हती, कुणाशी बिनसलं नव्हतं. एके दिवशी मैत्रीण काहीतरी सांगून खदाखदा हसली आणि टाचणीच्या लक्षात आलं की आपल्याला हसू कुठून आणायचं तेच आठवत नाहीये. मग ते रोजचंच झालं. सकाळी डोळे उघडले की छातीवर ओल्या गोधड्यांची चळत ठेवल्यासारखं वाटायचं. केस विंचरायचे म्हणजे डोंगर. शाळेत बाई बोलत असायच्या आणि शब्द भिंतीपलीकडून यावेत तसे यायचे. मैत्रिणींनी आधी विचारलं, मग चिडवलं, मग विचारायचं सोडलं.

तिनं आपल्यापुरते उपाय काढले. शाळेतून आल्यावर दुकानात ती उसवायचं काम मागून घ्यायची. बारीक कात्रीनं एकेक टाका कापायचा, दोरा ओढायचा. त्यात बोलावं लागत नाही आणि मान खाली असली तरी कुणी काही म्हणत नाही. दुपारी मास्तर खुर्चीतच डुलक्या काढायला लागले की ती ट्रायल रूममध्ये जायची. खोली कसली, दुकानाच्या कोपऱ्यात एक पडदा, एक स्टूल, एक उभा आरसा. आरशावर अस्तराचा तुकडा टाकायचा, जमिनीवर बसायचं आणि पडद्याखालून रस्त्यावरचे पाय बघायचे. सगळे पाय कुठे ना कुठे निघालेले. एकदा एका गिऱ्हाइकानं पडदा सरकवला आणि दचकून मागे आला. "अहो मास्तर, आत कुणीतरी आहे!"

"कुणी नाही हो," मास्तर म्हणाले, "आमची टाचणी आहे."

कुणी नाही. ते दोन शब्द तिनं कितीतरी दिवस तोंडात खडीसाखरेसारखे घोळवले. विरघळेचनात.

एका दुपारी मागच्या रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाह्या आखूड करून न्यायला आल्या. घालून बघायला म्हणून आत शिरल्या, तर खाली टाचणी. ती उठायला लागली तशा त्या म्हणाल्या, "बस बस," आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

"आरसा का झाकलास?"

"बघवत नाही."

"काय बघवत नाही?"

टाचणीनं विचार केला. "काहीच."

बाईंनी आणखी थोडं विचारलं. झोप, भूक, किती दिवस झाले. मग अगदी साध्या आवाजात, "सकाळी जागच येऊ नये असं वाटतं का गं?" टाचणीनं मान डोलावली. इतक्या दिवसांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर आभाळही कोसळलं नव्हतं.

"हा आजार आहे. नाटक नाही आणि आळसही नाही," बाई म्हणाल्या. "यावर औषध असतं, बोलणंही असतं. दवाखान्यात ये. पण एकटी नको, घरातलं मोठं कुणीतरी घेऊन ये. मी बोलू का मास्तरांशी?"

"नको," टाचणी घाईनं म्हणाली. "मी सांगते."

बोलून बसली खरी, पण घरातलं मोठं कुणीतरी म्हणजे कोण?

आधी आईकडे गेली. आई बटण लावत होती. तिनं सुई दातात धरून लेकीच्या कपाळावर हात ठेवला. "गार तर आहे. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टर कशाला? दूध पीत जा रात्रीचं."

"आई, मला बरं वाटत नाही."

"कुठे दुखतंय?"

इथेच घोडं पेंड खायचं. कुठे ते सांगता येत नव्हतं.

दादाला विचारलं. दादा कापडाच्या मोठ्या दुकानात विक्रेता, जीभ म्हणजे रेशीम. "परीक्षा जवळ आली की हिला आजार होतो," तो म्हणाला. "मलाही व्हायचा. पण माझा पोटात व्हायचा, हिचा जरा फॅशनचा आहे." पलीकडच्या गल्लीतली आत्या आली होती, तिनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "उदास म्हणे! अगं, आमच्या वेळी उदास व्हायला सवड कुणाला होती? चार घरची धुणी धुवायला लाव हिला, उदासी साबणासकट वाहून जाईल." सगळे हसले. वाईट कुणीच नव्हतं त्यात. हसणाऱ्यांच्या मधोमध बसून टाचणीला वाटलं, आपण पाण्याखालून हाका मारतोय आणि वरून सगळे आपले बुडबुडे बघून खूश होताहेत.

राहिले बाबा. पण दादाचं लग्न ठरलं होतं आणि बाबा गळ्यापर्यंत कपड्यांत बुडाले होते. लेकीसाठी त्यांनी निळं लोकरी कापड राखून ठेवलं होतं, तिला कोट शिवणार होते. त्यासाठी एका सकाळी त्यांनी तिला समोर उभं केलं.

"ताठ उभी राहा."

"उभीच आहे."

त्यांनी फीत टाकली, खांद्यापासून मनगटापर्यंत नेली, परत टाकली. कपाळाला आठी पडली. कळलं यांना, टाचणीला वाटलं. आता विचारतील.

"खांदे उतरलेत की गं," मास्तर म्हणाले. मग आठी मोडली आणि चेहरा उजळला. "काही हरकत नाही. त्या कारकुनाच्या पाठीपुढे हे म्हणजे किस झाड की पत्ती! दोन जाड पॅड घालतो. राणीसारखी दिसशील."

आणि दिसलीही. लग्नात निळ्या कोटात टाचणी अशी सरळसोट उभी होती की येणाराजाणारा मास्तरांची पाठ थोपटत होता. आई कौतुकानं म्हणाली, "बघ, उगाच डॉक्टर डॉक्टर करत होतीस." आत्या म्हणाली, "धुणी न धुताच बरी झाली!" कोटाच्या आत टाचणीचे खांदे कधीच गळून गेले होते, वर उभा होता तो कापूस. डॉक्टरीणबाईंनाही आमंत्रण होतं. गर्दीतून त्यांनी लांबूनच हात केला आणि हसून म्हणाल्या, "अरे वा, छान दिसतेस!"

झालं. ज्या एका माणसाला ठाऊक होतं, त्यालाही कोटानं फसवलं. खुर्च्यांच्या रांगेत, ओळखीच्या पन्नास माणसांत, टाचणीला आपण किती एकटे आहोत हे कधी नव्हे इतकं समजलं. हा कोट अंगावर असेपर्यंत आपल्याला कुणी शोधायलाही येणार नाही.

लग्नाची गडबड ओसरली. एका दुपारी टाचणी कोट घेऊन ट्रायल रूममध्ये बसली आणि तिनं अस्तर उसवलं. या घरात पानावरून उठून गेलेलं चालायचं, उलट बोललेलंही एखादवेळी चालायचं, पण मास्तरांनी पक्का केलेला टाका त्यांना न विचारता कुणी उसवत नसे. आजवर कुणाची छाती झाली नव्हती. तिनं पॅड काढले, अस्तर होतं तसं बारीक शिवलं. कोट घातला, आरशावरचं कापड काढलं आणि पडदा सरकवून दुकानाच्या मध्ये येऊन उभी राहिली.

मास्तर इस्त्री करत होते. मान वर केली आणि इस्त्री तशीच हातात राहिली.

"हे काय ध्यान? कुणी केलं हे?"

"मी."

"माझा टाका उसवलास?"

"हो."

दारातली आई सुई टोचून घेता घेता वाचली. मास्तरांनी इस्त्री उभी केली, फीत ओढली आणि तरातरा आले. राग बोलण्यात यायच्या आधी त्यांच्या बोटांत यायचा. मुंढा बघितला, बाही बघितली, पाठ बघितली. "माप बरोबर आहे," ते पुटपुटले. "कट बरोबर आहे. मग लोंबतंय का असं?" त्यांनी दोन्ही तळव्यांत तिचे खांदे धरून वर उचलले. कोट झक्क बसला. हात काढले, खांदे खाली. पुन्हा उचलले. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा उचलले तेव्हा त्यांच्या हातांना काहीतरी जाणवलं असावं. कापूस हलका असतो. हे जड होतं.

"टाचणे," त्यांचा आवाज उतरला. "तू मुद्दाम तर पाडत नाहीस?"

"नाही बाबा."

"सोडू?"

"इतक्यात नको."

मास्तर तसेच उभे राहिले. रस्त्यावरून एक गिऱ्हाईक आलं, बापलेकीला असं बघून काउंटरपाशीच थांबलं आणि पाट्या वाचत राहिलं.

"डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय," टाचणी म्हणाली. "घरातलं मोठं माणूस लागतं बरोबर."

"खांद्यासाठी?"

आता इथे खरं सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. कुठे दुखतं, का दुखतं, आमच्या वेळी काय होतं. टाचणीनं बापाच्या कपाळावरची आठी बघितली. तिच्या उभ्या जन्मात ती आठी कापडासाठी पडलेली तिनं पाहिली होती. आज पहिल्यांदाच ती माणसासाठी होती.

"हो," ती म्हणाली. "खांद्यासाठी."

"मग आधी नाही का सांगायचं! चल." गिऱ्हाइकाला त्यांनी "उद्या या" सांगितलं, आणि फीत गळ्यात तशीच ठेवून ते निघाले.

दवाखान्यात मास्तरांनी बाईंना खांद्याची सगळी हकीकत सांगितली. मुंढ्याची गोलाई कशी, लोकरीचं वजन किती, कारकुनाचा कुत्राही येऊन गेला. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनीही सांगितलं, नीट, सोप्या शब्दांत, आजाराचं नाव घेऊन. मास्तर मान डोलावत राहिले. "म्हणजे मूळ आत आहे आणि उतरतो खांदा," ते शेवटी म्हणाले. बाईंनी क्षणभर टाचणीकडे पाहिलं. "तसं म्हणा," त्या म्हणाल्या, "पण आणत जा तिला." मग त्यांना बाहेर बाकावर बसवलं, दार लोटलं आणि टाचणीला म्हणाल्या, "लग्नात मी चुकले गं. बोल आता." टाचणी नुसतीच रडली, आणि तेवढं त्या दिवसाला पुरलं. बाहेर मास्तर शेजारच्या पेशंटला त्याची कॉलर कुणी बिघडवली ते विचारत होते.

पुढे औषधं आली, बोलणं आलं. बरं वाटायला वेळ लागला, आणि मधूनमधून पुन्हा वाईटही वाटलं. घराला मात्र शेवटपर्यंत काही कळलं नाही. घरात ते खांद्याचं दुखणं म्हणूनच नांदलं. आत्यानं तेलाची बाटली पाठवली. आई इस्त्रीवर फडकं गरम करून लेकीचा खांदा शेकायची. जिथे काहीच दुखत नव्हतं तिथे ऊब घेत टाचणी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चुकीच्या दारावर का होईना, घर थाप मारतंय, हे तिला कळायचं. आणि तरी आतल्या खोलीत ती एकटीच असायची.

आज दुकान टाचणी चालवते. केस पिकायला लागलेत, जिभेची धार बरीचशी परत आलीये. ट्रायल रूममध्ये तिनं भिंतीला नवी खिडकी पाडून घेतली. ते दोन पॅड बटणांच्या डब्यात आहेत. मास्तर थकलेत, दिसतं कमी, फीत हातात देता येत नाही. दिवसभर दाराशी खुर्चीत बसून मशीनचा आवाज ऐकतात. एखाद्या दिवशी पायडल संथ होतं, मधेच थांबतं, लवकर सुरू होत नाही. मास्तर मान वळवतात.

"खांदा का गं?"

"हो बाबा. आज जरा उतरलाय."

मास्तर खुर्चीखाली पाय फिरवून चपला शोधायला लागतात. "चल," म्हणतात, "मी बाहेर बाकावर बसतो."