तळहातावरची गोचीड

ताकुआरेंबोच्या माळावर अन्सेल्मो तेचेरा यांच्या मुकादमीचा लौकिक होता. एकदा सरकारी तपासणीत त्यांच्या मालकाच्या कळपात जिवंत गोचीड निघाली आणि नियमानुसार साऱ्या कळपाची बाजाराची वाट बंद झाली. मालक डॉन एलेउतेरियो बेंतांकोर यांनी ती गोचीड गुराख्यांदेखत अन्सेल्मोंच्या तळहातावर ठेवली.

"ज्याच्या हाती जनावर, त्याच्याच माथी दोष. चालता हो!"

अन्सेल्मोंची कन्या निदिया कुंपणापाशी उभी होती. क्रोधाला आपण क्षणिक विकार म्हणतो. तिने तो व्रतस्थपणे जोपासला.

पुढे ती पशुवैद्य झाली. सहाध्यायांपैकी कुणी राजधानीत कुत्र्यामांजरांचे दवाखाने थाटले, कुणी शर्यतीच्या घोड्यांची शुश्रूषा पत्करली, कुणी लशींच्या प्रयोगशाळेत स्थिरावले. निदियाने गोचीड-तपासनिसाची धुळीने माखलेली नोकरी मागून घेतली, तीही याच माळावरची.

"एवढी हुशार तू, आणि जन्मभर बैलांच्या शेपट्या उचलणार?" मैत्रीण हसली.

"एकाच माणसाच्या बैलांच्या," निदिया म्हणाली.

बेंतांकोरांचा कळप विक्रीस निघाला, तेव्हा ती कुंपणाच्या फाटकात उभी राहिली. अरुंद वाटेतून एकेक जनावर पुढे येई. तिचा हात गळ्याच्या पोळीवरून, कासेवरून, शेपटीच्या मुळाशी फिरे. सारी जनावरे निर्मळ निघाली. वृद्ध डॉन नळीने 'माते' नावाचा कडू पाल्याचा काढा ओढत बसले होते.

"काय गं पोरी, दमलीस? बापासारखंच नशीब तुझं!"

तिने हात पुसले. "तुमचा लाडका बैल दाखवा."

"तो विकायचा नाही."

"चरतो तर यांच्यातच ना?"

त्या माळावरची रीत अशी की, मानाचा बैल इतर गुरांसारखा गोचीडनाशक औषधाच्या कुंडात ढकलायचा नाही. धन्याने स्वहस्ते त्याला औषधी पाण्याने न्हाऊ घालायचे. निदिया हे बालपणापासून जाणत होती. तिने बैलाच्या कानामागे बोटे घातली, क्षणभर थांबली, आणि चिमटीत धरून एक टपोरी गोचीड बाहेर काढली.

डॉन नव्या मुकादमावर उसळले. "या गाढवानं..."

"मालक, याला अंघोळ कोण घालतं?" निदियाने विचारले.

कुंपणावरचा एक गुराखी खुसखुसला.

"मीच," डॉन पुटपुटले. मग जवळ सरकून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, गिऱ्हाईक खोळंबलंय. चिरडा की तिला. कुणाला कळतंय?"

पोरीची डॉक्टरीणबाई झाली, हे तिने शांतपणे ऐकून घेतले.

"कळप माघारी न्या. आणि हात पुढे करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना!"

डॉननी तळहात पुढे केला. तिने गोचीड त्यावर अलगद ठेवली.

"ज्याच्या हाती जनावर..." ती म्हणाली.

"...त्याच्याच माथी दोष!" कुंपणावरून एक म्हातारा गुराखी गरजला. अन्सेल्मोंना हाकलले, त्या दिवशीही तो तिथेच होता.

गोचीड डॉनच्या हातावर पाय हलवू लागली. तिथून हलण्याची निदियाला मुळीच घाई नव्हती.