पावडर न लावलेले बोंबील

रेवसच्या धक्क्यावर लाँच सुटताना आयने सुक्या बोंबलांचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं. "मुंबयला काय पन खा, पन घरचा सोडू नको," एवढंच म्हणाली. भागे, दादा चालला म्हणून तू तिच्या शेजारी उभी राहून रडत होतीस.

मुंबईत औषधांच्या गोदामात नोकरी लागली आणि मला अक्कल फुटली. हिवतापवाले घराच्या भिंतींवर मारतात ती पांढरी पावडर आमच्याकडे पोत्यांनी यायची. वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांना माश्या लागतात, अळ्या पडून माल फुकट जातो, हे का मला ठाऊक नव्हतं? सुट्टीत एक डबा आणला आणि बोंबलांवर पावडर कशी भुरभुरायची ते तुम्हाला शिकवलं. माश्या गेल्या. आपल्या थळचा सगळा कोळीवाडा मला शहाणा म्हणाला आणि मीही म्हणवून घेतलं. पुढे डबे पाठवत राहिलो.

दोनेक वर्षांनी गोदामातले केमिस्ट सहज बोलून गेले, की ही पावडर माशाच्या तेलात मुरते, धुऊन जात नाही आणि खाणाऱ्याच्या अंगात साठते. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. घरी येऊन मी आयचे बोंबील कचऱ्यात टाकले. नंतर आलेलं प्रत्येक गाठोडं टाकलं. डबे मात्र पाठवतच राहिलो, कारण बंद करायचे तर कारण सांगावं लागलं असतं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

बारशानंतर बाळाला घेऊन आलो तेव्हा कुठे आयला सांगितलं, की ती पावडर विषारी आहे. चुलीपुढे बोंबील भाजता भाजता ती थांबली. "मंग पावसाल्यान आमी काय खायाचा?" तिने विचारलं. माझा उतरलेला चेहरा पाहून उलट तीच माझी समजूत घालू लागली. "तू नको भिऊ. तुला पावडरीचा वास सोसत नाय, म्हनून तुझ्या बोंबलांना पयल्यापासून पावडर लावलीच नाय. मी दिसभर बसून फांदीन माश्या हाकलते."

आय आता नाही. मुलं विचारतात, बाबा, तुमचं घर कुठे? मला उन्हात वलांडीखाली फांदी घेऊन बसलेली ती दिसते. तिने राखलेले बोंबील मी टाकून दिले, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. तुला सांगतो आहे, भागे. मी ते टाकत होतो तेव्हा तू आणि तुझी मुलं पावडर लावलेलेच खात होता.